नुकुलिकीची खिंड

जहाज सकाळपासून खडकाबाहेर घिरट्या घालत होतं, आणि उन्हं कलायच्या आत ते तसंच निघून गेलं. मेलाली किनाऱ्यावर बॅगेवर बसून बघत राहिली. सहा वर्षांची फेतू नवा फ्रॉक घालून तिच्या मांडीवर झोपून गेली होती. निरोपाच्या माळा दोघींच्याही गळ्यात सुकल्या होत्या.

तिचा सासरा तेफोतो दिवसभर खिंडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभा होता. नुकुलिकीला बंदर नाही. चहूबाजूंनी प्रवाळाचा खडक, आणि त्यात पश्चिमेला कधीकाळी सुरुंग लावून फोडलेली एक चिंचोळी वाट, तिलाच सगळे खिंड म्हणत. जहाजानं बाहेर खोल पाण्यात थांबायचं आणि बेटाच्या बोटीनं खिंडीतून माणसं, सामान ने-आण करायचं, अशी रीत. बोट सोडायची की नाही हे तेफोतोनं ठरवायचं. तो तांडेल होता, त्याचा बाप तांडेल होता. तीस वर्षांत त्याच्या बोटीतलं एक माणूस बुडालं नव्हतं. जूनमध्ये बोट खिंडीत आडवी झाली तेव्हाही नाही, आणि तीही वाऱ्यानं झाली असं सगळे म्हणत.

"आज खिंड बंद," तो वर येऊन एवढंच म्हणाला आणि सुनेकडे न बघता घराकडे गेला.

बोटीवर इंजिन सांभाळणारा काइतु बॅग उचलायला आला. "बरंच झालं की वहिनी. तुमच्या निरोपाचं डुक्कर काल खाल्लं. आता पुढच्या जहाजाला आणखी एक कापावं लागणार."

सगळे हसले. मेलालीलाही हसावं लागलं. पण त्या हसण्यात सुटका होती, आणि ती तिला ऐकू आली.

नुकुलिकीवर माणसं अडतीस. पॅसिफिकमधल्या तुवालूच्या सगळ्या बेटांत याच्याइतकं लहान वस्तीचं दुसरं नव्हतं. या टोकावरून त्या टोकाला जाऊन यावं तरी चुलीवरचा भात शिजलेला नसे. मधल्या वाटेवर उभं राहिलं की उजवीकडेही समुद्र आणि डावीकडेही. मेलाली राजधानीची, फुनाफुतीची, मोटारसायकलींच्या आवाजात वाढलेली. संध्याकाळी विमानाच्या धावपट्टीवर सगळं गाव गप्पा मारायला जमतं तिथली. लग्न होऊन ती इथे आली, तेव्हा इओपू म्हणाला होता, दोनचार वर्षं काढू. मग ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या सोडतीत इओपूचं नाव निघालं. तो पुढे गेला, मेलबर्नजवळच्या एका मटणाच्या कारखान्यात लागला. मागाहून बायको-मुलीचेही कागद आले. वर्ष संपायच्या आत तिथे पोचायचं, नाहीतर कागद रद्द.

जाऊ नको असं तिला कुणीच म्हटलं नाही. तसं म्हणाले असते तर ती भांडली तरी असती. शाळेत पाच मुलं होती. फेतू गेली की चार उरणार, आणि चार मुलांसाठी मोठ्या बेटावरची, इथला कारभार बघणारी पंचमंडळी शिक्षक ठेवणार नाहीत, हे जो तो जाणून होता. पण बोलत कुणी नव्हतं. शेजारीण चटई विणून आणून द्यायची. कुणी भाजलेले मासे, कुणी ताज्या माडीची काकवी. "खा गं, तिकडे हे कुठलं मिळायला!" सासू लितिया रात्रंदिवस तिच्या पुढेमागे. पुलाकाच्या, म्हणजे दलदलीतल्या अळकुड्यांच्या खड्ड्यात चिखल तुडवायलाही तिला उतरू देत नव्हती. मेलालीला वाटायचं, आपल्या अंगावर एकावर एक पांघरुणं घालताहेत सगळे, आणि श्वास घ्यायला तोंड तेवढं उघडं ठेवलंय.

पुढचं जहाज आलं. तेफोतो खिंडीशी उभा राहिला, दुपारपर्यंत उभा राहिला.

"आज खिंड बंद."

या खेपेला मेलालीला समुद्र तेलासारखा गुळगुळीत दिसत होता. जहाज गेल्यावर काइतु इंजिन पुसता पुसता पुटपुटला, "मला तर वाटलं, आज आरामात जाता आलं असतं. पण म्हाताऱ्यापुढे बोलायची कुणाची टाप आहे?"

शाळेच्या छपरावरच्या उपग्रहाच्या तबकडीमुळे संध्याकाळी फोन लागायचा. ती इओपूला म्हणाली, "तुझे बाबा मला जाऊ देणार नाहीत."

"काहीतरीच काय! समुद्र खराब असेल."

"नव्हता खराब. नात जाऊ नये म्हणून चाललंय हे सगळं."

"मेलाली, माझा बाप बाकी कशाबद्दलही खोटं बोलेल. समुद्राबद्दल नाही बोलणार."

"मग ये आणि तूच ने आम्हाला," म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेफोतो विलायती फणसांच्या ढिगापाशी जाळं सांधत बसला होता. सासऱ्याशी थेट तोंड देऊन बोलायची तिथे सुनांची पद्धत नाही. जे सांगायचं ते सासूमार्फत. पण मेलाली त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, काल समुद्र खरंच खराब होता?"

तो सुई ओढत राहिला.

"तीस वर्षांचं नाव आहे तुमचं. ते मला अडवायला वापरता? आम्हाला इथं कोंडून काय मिळणार तुम्हाला? माझी पोर बापाला विसरत चाललीय."

लितिया आतून धावत आली. "अगं, काय बोलतेस! तोंड आवर!"

तेफोतोनं जाळं खाली ठेवलं. "बोलू दे तिला," तो म्हणाला. मग सुनेला म्हणाला, "चल माझ्याबरोबर."

ओहोटी लागली होती. दोघं उघड्या पडलेल्या खडकावरून चालत पार कडेपर्यंत गेली. तो जपून, पायानं चाचपत चालत होता. खडक घसरडा आहे म्हणून असेल, असं तिला वाटलं.

"बाहेर बघ. लाटा कुठून उठताना दिसतात?"

"तिथून. तो गडद पट्टा आहे त्याच्या पलीकडून."

"मला तो पट्टा दिसत नाही, पोरी," तेफोतो म्हणाला. "गेल्या नाताळापासून दिसत नाही. साखरेनं डोळे खाल्ले माझे. तू उभी आहेस तेवढं कळतं. तुझं तोंड नाही दिसत."

लाटा खडकाखाली आपटून परत जात होत्या.

"लाटेचा आवाज कळतो. पाय खडकावर असले की तिची धडक कळते. म्हणून तर उभा राहतो इतका वेळ. अगदी शांत दिवस असला तर तेवढ्यावर भागतं. पण परतताना मागून लाट उठली तर ती बघावीच लागते. जूनमध्ये बोट आडवी झाली होती ना, ती वाऱ्यानं नव्हती झाली. त्या दिवशी मी ठरवलं, खात्री नसेल तर नाही म्हणायचं. काल पाणी वरून गुळगुळीत असेल, पण पायाला धडक लागत होती. तू होतीस, फेतू होती. माझ्या नातीला आंधळ्याच्या बोटीत घालू?"

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगून काय होणार? तांडेल नाही तर बेट कशाला हवं, म्हणतील. सगळ्यांना उठवून मोठ्या बेटावर नेतील, दुसऱ्यांच्या जमिनीवर राहायला. आणि ही विद्या आमच्या घरातली. बापानं मला दिली, मी इओपूला दिली. इओपू बसलाय तिकडे मटण कापत."

परत येताना तिनं त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला. अंगणात पोचायच्या आधी ती म्हणाली, "मीही तुमच्या घरातलीच आहे ना? मग मला शिकवा. मी बघते, तुम्ही सुकाणूचं वल्हं धरा. पुढच्या जहाजाला जाते मी."

तेफोतोनं होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण दुसऱ्या ओहोटीला तो तिची वाट बघत थांबला होता.

तो तिला आधी फेसाकडे बघायचं सोडायला लावायचा. "फेस म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. तिच्याकडे बघून काय करायचंय? लांब बघ. समुद्राची रेघ कुठे फुगते ते बघ." मोठ्या लाटा एकट्या येत नाहीत, एकीमागून एक रांगेनं येतात. शेवटची येऊन गेली की खडकावरचं पाणी चोखल्यासारखा आवाज करत ओसरतं. मग जी उसंत मिळते ती बोटीची. शेवटची कुठली, हे ओळखण्यातच सगळं होतं. मेलाली चुकायची. "ही शेवटची," म्हणेपर्यंत आणखी एक यायची आणि दोघांना कमरेपर्यंत भिजवून जायची. म्हातारा हसायचा. "बुडवलंस गं सगळ्यांना. पाद्रीबुवासुद्धा गेले." तिचा सासरा विनोद करतो, हे तिला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

तिसरं जहाज आलं त्या दिवशी समुद्र मध्यम होता. बोट भरली. खोबऱ्याची पोती, मेलाली, फेतू. ती तेफोतोच्या पायाशी बसली. रडतेय म्हणून सासऱ्याजवळ बसली, असं किनाऱ्यावरच्यांना वाटलं. खिंडीच्या तोंडाशी बोट थांबली.

"अजून नाही," ती ओठातल्या ओठात म्हणाली. "अजून एक आहे. ही… ही शेवटची. आता!"

"सोड!" तेफोतो गरजला. काइतुनं इंजिनाची मूठ पिळली, आणि बोट खिंडीतून बाणासारखी निघाली. दोन्ही बाजूंना खडक दातांसारखा वर आलेला होता. क्षणात तो मागे पडला आणि पाणी खोल निळं झालं. मेलालीला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

जहाजाच्या शिडीपाशी खलाशानं फेतूला वर खेचून घेतलं. बोटीत तांदूळ उतरू लागला, डिझेलची पिंपं उतरली. मग लोसा उतरायला आली. बाळंतपणासाठी फुनाफुतीला गेलेली ती आता तान्ह्याला घेऊन घरी निघाली होती. तिनं टॉवेलात गुंडाळलेलं मूल वरून काइतुच्या हातात दिलं.

"चढ," तेफोतो सुनेला म्हणाला.

"बोट परत कशी न्याल?"

"आवाजावर नेईन. चढ तू."

ती शिडीला हात लावून उभी राहिली. खिंडीकडे तोंड केलं की लाटा पाठीमागून येणार. टॉवेलातलं पोर जांभई देत होतं. वरून फेतू हाका मारत होती, "आई, ये ना! इथे पंखा आहे!"

मेलाली खलाशाला म्हणाली, "माझ्या पोरीला खाली द्या."

"आत्ताच तर वर घेतली."

"द्या म्हटलं ना!"

जहाज सामान उतरवेपर्यंत थांबणार होतं, फेऱ्या बऱ्याच होत्या. पुढच्या फेरीला जाऊ, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण दर फेरीला शिडीपाशी तोच हिशेब तिच्यापुढे उभा राहिला. तिला जहाजावर सोडून बोटीला परत जायचंच होतं. बेटाची बोट, तिची शेवटची फेरी बेटाकडेच असायची. जो बोटीसाठी बघणार, तो दर वेळी किनाऱ्यावरच उरणार. दिवस मावळायच्या सुमाराला जहाजानं भोंगा दिला, तेव्हा मेलाली ओल्या वाळूत तांदळाच्या पोत्यांमध्ये उभी होती.

त्या संध्याकाळी सभाघरात तेफोतोचं केवढं कौतुक झालं. लोसाच्या नवऱ्यानं त्याच्या गळ्यात माळ घातली. मेलालीचं मन बदललं, तिला बेट सोडवेना, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं, आणि बायका तिला पोटाशी धरून रडल्या. लितियानं माशाचा डोळ्याकडचा मऊ भाग तिच्या पानात घातला. "देवानंच तुला बुद्धी दिली," ती कानाशी म्हणाली. त्या दोघांखेरीज सगळं ठाऊक असलेली लितिया एकटीच होती, आणि तिचा आनंद मेलालीला सगळ्यात जड गेला.

खरी भीती तिला दोन दिवसांनी वाटली. ती पाणी भरून येत होती. खडकाच्या कडेला तेफोतो बसला होता आणि त्याच्या खांद्याला टेकून फेतू उभी होती.

"काय दिसतं, सांग बघू?"

"रेघ फुगली, आजोबा. तिकडे!"

"शाबास! फेसाकडे बघायचं नाही हं."

मेलालीला कळलं, आपल्यानंतर ही पोरच या खिंडीला बांधली जाणार. त्याच दुपारी तिनं काइतुला गाठलं.

"तुला खिंड शिकायचीय?"

"मला?" काइतु हसला. "वहिनी, तुमच्या घरची विद्या मला दिली तर म्हातारा मला शार्कच्या तोंडी देईल."

"त्यांना दिसत नाही, काइतु. आता मी बघते आणि ते वल्हं धरतात. मी गेल्यावर तुम्ही सगळे त्यांच्या बोटीत बसणार आहात."

काइतुनं मागे वळून बोटीकडे बघितलं. मग म्हणाला, "जूनमध्ये…?"

"हो."

"च्यायला," तो म्हणाला आणि वाळूत बसला.

तेफोतो दुपारी झोपायचा तेव्हा ती दोघं उत्तरेकडच्या खडकावर जाऊ लागली. चोरून म्हणून. पण अडतीस माणसांच्या बेटावर चोरून काय होतं? आठवड्याच्या आत बायका तिला बघून बोलायच्या थांबू लागल्या. चटया, काकवी यायची बंद झाली. काइतुची बायको पुआ विहिरीवर तिच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि भरलेलं पाणी परत ओतून निघून गेली. नवरा परदेशात, आणि ही दुपारी दुसऱ्याच्या नवऱ्याबरोबर खडकावर. मेलाली खुलासा करू शकत नव्हती. खुलासा म्हणजे तेफोतोचे डोळे. काइतुही बोलला नाही. पहिल्यांदाच त्यानं कुठल्या गोष्टीची थट्टा केली नाही, त्यामुळे लोकांचा संशय आणखी पक्का झाला.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे सभाघरात बसले. वडीलधाऱ्यांपैकी सगळ्यात म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "तेफोतोच्या घरच्या सुनेला विचारायचंय. तू काइतुबरोबर कशाला जातेस?"

मेलाली मान खाली घालून बसली. चटईची वीण बघत राहिली.

"बोल, बाई. लेकरू आहे तुझं. नवरा विश्वासानं गेलाय तिकडे."

पुआ हुंदके देऊ लागली. काइतुनं तोंड उघडलं, मेलालीकडे बघितलं आणि मिटलं. मग खांबाला टेकून बसलेला तेफोतो उठून उभा राहिला. उभं राहून बोलायची सभाघरात रीत नाही, तरी राहिला.

"ती त्याला माझं काम शिकवतेय," तो म्हणाला. "मला दिसत नाही. नाताळापासून तुम्ही सगळे आंधळ्याच्या बोटीत बसताय. त्या दिवशी लोसाचं मूल मी नाही आणलं, या पोरीनं आणलं."

लोसानं मूल छातीशी घट्ट धरलं.

"आणि पोरी," तेफोतो मेलाली बसली होती त्याच्या थोडं बाजूला तोंड करून म्हणाला, "विद्या माझ्या घरातली होती. मला विचारायला हवं होतंस."

लितियानं हात धरून त्याला बाहेर नेलं. दाराशी पोचेपर्यंत त्याचा पाय दोनदा चटईत अडकला. मग पुआ उठली, काइतुच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि म्हणाली, "मेल्या, मला तरी सांगायचंस!" कुणीतरी हसलं. पण मेलालीला हसू आलं नाही.

त्यानंतर तेफोतो तिच्याशी बोलला नाही. रागावून ओरडला असता तर बरं, असं तिला झालं. तो जेवायचा, फेतूला गोष्टी सांगायचा, पण खडकावर तिला नेत नव्हता. स्वतःही जात नव्हता. ती काइतुला आता उघडपणे शिकवत होती. किनाऱ्यावर माणसं गोळा होऊन बघत. काइतु चुकला की तिच्या सासऱ्याचंच वाक्य तिच्या तोंडात यायचं, "बुडवलंस सगळ्यांना." बोटीला माणूस मिळाला, म्हणून बेट लगेच उठणार नव्हतं. पण शाळेत चारच मुलं उरणार हे तसंच होतं, आणि ते बदलणं तिच्या हातात नव्हतं.

डिसेंबरचं जहाज आलं. पश्चिमेचे वारे सुरू व्हायच्या बेतात होते. हे चुकलं तर कागद गेले. या वेळी डुक्कर कापलं नाही. माळा मात्र होत्या. पुआनं फेतूच्या गळ्यात घातली, मग थोडं थांबून मेलालीच्याही.

निघण्याआधी मेलाली घरात गेली. तेफोतो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बाबा, जाते."

तो हलला नाही. ती उंबऱ्यापर्यंत आली, तेव्हा तो म्हणाला, "काइतु घाई करतो. त्याला सांग, शंका आली तर आणखी एक जाऊ दे."

"सांगितलंय."

"परत सांग."

बोट बाहेर काढताना काइतुनं दोनदा वाट बघितली आणि तिसऱ्यांदा नीट नेली. मेलाली त्याच्या पायाशी नव्हे, पुढे बसली, फेतूला मांडीवर घेऊन, आणि मुद्दाम मागे वळली नाही. शिडी चढून गेल्यावर मात्र ती कठड्याला चिकटून उभी राहिली. बोट तांदूळ घेऊन परत निघाली. इथून, इतक्या उंचावरून, तिला समुद्राची रेघ आणखी स्वच्छ दिसत होती. ती फुगली. एक, मग दुसरी. काइतु खिंडीबाहेर थांबला होता.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "थांब रे. अजून एक."

काइतुनं सोडली. मागून आलेल्या लाटेनं बोट उचलली आणि वाकडी केली. दोन पोती पाण्यात गेली. तिला इथून हाक मारता येत नव्हती, काहीच करता येत नव्हतं. बोटीचा तळ खडकाला घासल्यासारखा थरारला, मग ती सरळ झाली आणि फेसातून आत जाऊन वाळूला थडकली. माणसं कमरेएवढ्या पाण्यात धावली. सगळी बाहेर आली. काइतु वाळूवर उताणा पडला.

जहाजाचं इंजिन खालून घुमू लागलं. माडांच्या खाली, गर्दीपासून दूर, तेफोतो उभा होता. तो आला होता तर. लितिया टाचा उंचावून त्याच्या कानाशी बोलत होती. हात दाखवत होती, कधी बोटीकडे, कधी जहाजाकडे, आणि म्हातारा मान हलवत होता. बराच वेळ ती सांगत राहिली.

"आई, आजोबांना आपण दिसतोय का?" फेतूनं विचारलं.

"आजी सांगतेय त्यांना," मेलाली म्हणाली, आणि पोरीचा हात वर धरून हलवू लागली.